गळाच्या काठीची मूठ आणि तिच्यावरची नक्षी

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आमच्या दोन तालुक्यांत आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे जुन्नरमध्ये, डिंभे आंबेगावात. एवढं पाणी असल्यावर गळ टाकणारे असणारच. गावातले बहुतेकजण बांबूच्या काठीला तंगूस बांधून बसतात आणि मासा त्यांनाही मिळतो. शनिवार-रविवारी मात्र पुण्या-मुंबईकडून कार्बन फायबरच्या काठ्या आणि रीळ घेऊन येणारी हौशी मंडळी दिसतात. कार्बनच्या नळीला मूठ लागते, ती बहुधा बुचाची असते, आणि हौशी माणसाला ती चारचौघांपेक्षा वेगळी हवी असते. मी लाकडाच्या लेथवर लाटणी, खुर्चीचे पाय आणि बैलगाड्याचं किरकोळ काम करतो. त्यातूनच या मुठींकडे वळलो. बुचात वेगळ्या रंगाचं लाकूड, शिंपला, पितळ बसवायचं, म्हणजे जडावकाम. अमेरिकेत या एवढ्याशा गोष्टीचा मोठा शौक आहे. आमच्याकडे ते शिकवणारं कोणी नव्हतं. करता करता जे पक्कं झालं ते इथे लिहितो.

१. नक्षी हाताच्या वाटेत नको.

मूठ तयार झाली की लोक ती आधी डोळ्यांनी बघतात. पाण्यावर तिचा डोळ्यांशी काही संबंध राहत नाही. रिळाचा दांडा मधल्या बोटांत, तळवा मागच्या बुचावर, पहिलं बोट दोरीवर, आणि नजर पाण्यात. दिवसभर मूठ बघतो तो तळहात. म्हणून पहिला प्रश्न हा की हात कुठे बसतो आणि कुठे बसत नाही. मुठीचं अगदी मागचं टोक, रिळाच्या बैठकीतलं लाकूड, आणि पुढच्या बुचाचा शेवटचा बोटभर भाग या तीन जागा नक्षीला मोकळ्या असतात. तिथे हवं ते करा, चकचकीत पॉलिश करा. तळव्याखाली मात्र बूच उघडं राहू द्यायचं. नक्षी तिथे हवीच असेल तर पातळ कड्यांपुरती, आणि तीही बुचाशी अगदी समपातळीत.

चकाकी ही ओल्या हाताची वैरीण आहे. माशाची बुळबुळ लागलेल्या हातातून जाड थर दिलेली मूठ निसटते. उघडं बूच ओलं झाल्यावर उलट जास्त धरतं. डिंभ्याच्या काठावर एका म्हाताऱ्या मच्छीमाराने माझी नवी काठी हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि विचारलं, "मेस्तरी, ही गळाला लावायची का देव्हाऱ्यात ठेवायची?" माणूस मिश्कील होता, पण प्रश्न रास्त होता. तेव्हापासून प्रत्येक मूठ देण्याआधी मी ती साबणाच्या पाण्यात बुडवतो, डोळे मिटतो आणि हात फिरवतो. केसाएवढी पायरी डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. बोट जिथे अडतं तिथे काम बाकी आहे.

२. लाकडासाठी जंगलात जाऊ नका, जुन्या घरात जा.

जडावाला लाकूड लागतं किती? तळहाताएवढा तुकडा असला तरी चार मुठी होतात. एवढ्यासाठी झाडाकडे बघायचं कारणच नाही. शिवाय साग, हिरडा, चिंच, आंबा, जांभूळ, खैर ही झाडं १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या बांधावरचं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि भीमाशंकरकडचं अभयारण्य तर वेगळंच प्रकरण.

जुन्नर-ओतूरकडे वाडे पडतायत किंवा पाडले जातायत. त्यांच्या तुळया, खांब, दारांच्या चौकटी सागाच्या, कुठे कुठे शिसवाच्या. शंभर वर्षं छपराखाली राहिलेलं लाकूड, म्हणजे आता त्यात हलायचं काही उरलेलं नाही असं वाटतं. ते तसं नसतं, त्याबद्दल पुढे. पण रंग मात्र असा येतो की नव्या लाकडाला तो आणता येत नाही. बैलगाडीच्या मोडक्या चाकाची बाभूळ मला शिसवाइतकीच आवडते. तांबूस, घट्ट, आणि लेथवर अशी साफ निघते की पॉलिशपेपर जवळजवळ लागत नाही. चिंचेच्या जुन्या खोडाचा गाभा काळपट जांभळा असतो. तो मिळाला तर ठेवून द्या, कारण फार थोड्या झाडांत तो पुरेसा मोठा असतो. आंब्याला रंग नाही, पण बुरशीने काळ्या रेघा पडलेलं आंब्याचं फळकूट मिळालं तर त्याच्या कड्या नकाशासारख्या दिसतात. फक्त तेवढं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. त्याला आधी पातळ फेविक्विक पाजून घट्ट करून घ्यावं लागतं.

जुन्या लाकडात खिळे असतात. दिसत नाहीत, कारण डोकी तुटलेली असतात. करवतीखाली घेण्याआधी चुंबक फिरवा. जिथे लाकडावर निळा-काळा डाग आहे तिथे खिळा असणारच. लोखंड आणि सागातला तुरटपणा मिळून तो डाग पडतो.

गिऱ्हाईकच लाकूड घेऊन आलं तर सगळ्यात चांगलं. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या पट्ट्यातून उठलेल्या कुटुंबांकडे अजून कुठे पाट, कुठे दाराची फळी, कुठे मुसळ असतं. एकजण आजीच्या मुसळाचा तुकडा घेऊन आला होता. त्याची एक कडी केली आणि मागच्या टोकाला बसवली. त्या काठीवर दुसरी कुठलीच नक्षी केली नाही, आणि करूही नये.

३. बूच म्हणजे नुसतं भरणाचं सामान नव्हे.

बूच हे ओकच्या एका जातीची साल. जगातलं जवळजवळ निम्मं एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी, आणि चांगलं एकसंध बूच तिसऱ्या खेपेपासून मिळतं. हे कळल्यावर मी बुचाची चकती टाकून देणं बंद केलं. मुठीसाठी ती अर्धा इंच जाडीच्या, सव्वा इंच व्यासाच्या चकत्यांत येते. चकत्या एकावर एक चिकटवायच्या, मध्ये लोखंडी सळई घालून आवळायच्या, आणि वाळल्यावर लेथवर आकार द्यायचा.

बुचाचा खरा गुण वजन. पाण्याच्या पाव-पटीच्या आसपास. शिसव पाण्याच्या वजनाच्या जवळ जातं. म्हणजे तेवढ्याच जागेत बुचाऐवजी शिसव घातलं तर वजन तीन-चार पट. चार पातळ कड्यांनी फरक पडत नाही, पण सबंध मूठ शिसवाची केली तर काठी शोभेचीच होते. बुचाला पर्याय म्हणून पांगारा करून बघितला. हलका आहे, पांढरा आहे, फुकट मिळतो. पण तो ओला झाला की लवकर वाळत नाही आणि कीड धरतो. टोकाच्या टोपीपुरता ठीक.

४. पावसाळा सगळ्यांचा हिशेब घेतो.

आमच्या तालुक्यांचं एक वैशिष्ट्य आहे. पश्चिमेला माळशेज, नाणेघाट, आहुपे इथे पाऊस कोसळतो. पूर्वेला बेल्हे, आळे, रांजणीकडे गेलं की माळरान. एकाच तालुक्यात लाकूड दोन प्रकारे वागतं. मे महिन्यात नारायणगावच्या कोरड्या हवेत केलेली मूठ जुलैत आहुप्याला नेली तर तिच्यातल्या लाकडाच्या कड्या फुगतात, बूच मात्र जागचं हलत नाही. लाकूड हवेतली ओल शोषतं, बूच जवळजवळ नाही. दोघांना एकमेकांना चिकटवून ठेवलंय, आणि दोघं वेगळं वागतायत.

किती फुगतं? सागासारखं शांत लाकूड घ्या. उन्हाळ्यातल्या कोरडेपणापासून पावसाळ्यातल्या दमटपणापर्यंत आडव्या तंतूंच्या दिशेने ते सुमारे एक टक्का वाढतं. अठ्ठावीस मिलिमीटरच्या कडीत म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही, पण बोटाला ती कड सरळ लागते. आणि लाकूड उभ्या तंतूंच्या दिशेने जवळपास वाढतच नाही, त्यामुळे गोल कडी गोल राहत नाही. अंडाकृती होते. दोन बाजूंना पायरी, दोन बाजूंना नाही.

उपाय तीन. पहिला, कड्या पातळ ठेवायच्या, दोन-तीन मिलिमीटर. जाड कडीची उठलेली पायरी बोटाला सलते, पातळ कडीची खपून जाते. दुसरा, कडी कापताना तंतू आडवे नकोत, नळीच्या दिशेने उभे हवेत, म्हणजे फांदीची चकती कापतो तसे. अशी कडी फुगली तरी सगळीकडून बऱ्यापैकी सारखी फुगते. ती ठिसूळ असते, म्हणून दोन्ही बाजूंनी बुचाचा आधार लागतो, आणि तो मुठीत मिळतोच. तिसरा, लेथवरचं शेवटचं घासकाम पावसाळ्यात करायचं. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगलेलं असताना समपातळी केली, तर उन्हाळ्यात ते किंचित आत बसतं. आत बसलेली कडी तळव्याला खुपत नाही, बाहेर आलेली खुपते. गिऱ्हाइकांना घाई असते. मी जूनच्या आधी घेतलेलं काम ऑगस्टच्या अखेरीला देतो, आणि ज्याला हे पटत नाही त्याला लाकडाशिवाय नुसती बुचाची मूठ करून देतो. तीही वाईट नसते.

५. मऊ आणि कठीण एकाच बोटाने घासू नका.

लेथ फिरतोय आणि तुम्ही पॉलिशपेपर हाताने धरलाय. बोट मऊ असतं, कागद वाकतो, बूच भराभर उडतं, शिसव जागेवर राहतं. पाच मिनिटांत मुठीला बरगड्या दिसायला लागतात. कागदाच्या मागे कडक पट्टी लावा. मी सनमायकाचे उरलेले तुकडे वापरतो. पट्टी एका वेळी दोन-तीन चकत्यांवर टेकली पाहिजे. आधी ८० नंबरने आकार, मग १२०, २२०, आणि शेवटी ४००. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून हात फिरवायचा. पटाशीने जितकं जास्त काम कराल तितकं कागदाला कमी उरेल, आणि पटाशीला मऊ-कठीण कळत नाही, ती दोघांना सारखंच कापते. अर्थात धार असेल तर. बोथट पटाशी बूच कापत नाही, उपटते.

६. काळा भुसा पांढऱ्या बुचात.

शिसवाचा किंवा चिंचेच्या गाभ्याचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि बुचाच्या छिद्रांत जाऊन बसतो. कडीशेजारचं बूच मळकट दिसतं, आणि जितकं घासाल तितका मळ आत जातो. घासायला घेण्याआधी बुचावर शेलॅकचा एक पातळ हात मारून ठेवायचा. छिद्रं तात्पुरती बुजतात, भुसा वर राहतो, कॉम्प्रेसरच्या हवेने उडतो. शेवटच्या कागदाबरोबर शेलॅकही निघून जातं.

शिसवाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ येतं, दमा असलेल्याला त्रास होतो. तोंडावर मास्क बांधा, पंचा पुरत नाही.

७. गोफाची नक्षी कशी होते.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा हेच मागतं, कारण बघणाऱ्याला ती अशक्य वाटते. गोल मुठीवर दोन-तीन रंगांच्या पट्ट्या एकमेकींच्या वरून-खालून गेल्यासारख्या, गोफ विणल्यासारख्या दिसतात. वाकवलेलं त्यात काहीच नसतं. सगळे काप सरळ असतात.

लाकडाचा चौकोनी ठोकळा घ्यायचा, साधारण सव्वा इंची. करवत पंचेचाळीस अंशांत तिरकी लावून ठोकळा जवळजवळ पूर्ण कापायचा. दोन मिलिमीटर शिल्लक ठेवायचे, म्हणजे तो दोन तुकडे होऊन सरकणार नाही. त्या फटीत दुसऱ्या रंगाची पट्टी सरसासह बसवायची. रात्रभर वाळू द्यायची. बाहेर आलेली पट्टी छाटायची, ठोकळा पाव वळसा फिरवायचा आणि बरोबर त्याच जागी दुसरा काप. तो पहिल्या पट्टीला मधोमध छेदून जातो. मग तिसरा, चौथा. चार काप, चार रात्री. त्यानंतर ठोकळा लेथवर गोल केला की प्रत्येक सपाट पट्टी लंबगोल होऊन दिसते आणि चार लंबगोल एकमेकांत गुंततात.

इथे सगळा खेळ पट्टीच्या जाडीचा आहे. करवत जेवढं लाकूड खाते, पट्टी बरोबर तेवढीच जाड हवी. जास्त असेल तर ठोकळा फाकतो आणि पुढचे काप जुळत नाहीत, कमी असेल तर सरसाची काळी रेघ दिसते. सुताराच्या गोल करवतीचं पातं साधारण तीन मिलिमीटर खातं. एवढी जाड पट्टी नाजूक मुठीवर भोंगळ दिसते. मी बारीक दात्यांच्या हातकरवतीने, लाकडी खाचेत ठोकळा अडकवून कापतो. वेळ लागतो. पट्टी मात्र एक-दीड मिलिमीटरची चालते, आणि ती रंध्याने एक-एक हात काढत फटीत सहज सरकेल इतकी करता येते. ठोकावी लागली तर जाड आहे, आपोआप पडली तर पातळ आहे.

मधलं भोक शेवटी पाडायचं. आधी पाडलं तर कापलेली पट्टी भोकात लोंबकळते आणि सरस आत भरतो. बाहेरून अठ्ठावीस मिलिमीटर आणि आतून दहा, म्हणजे भिंत नऊ मिलिमीटरची उरते, नक्षीला ती भरपूर झाली.

८. सरस हवामान बघून कालवा.

दोन भागांचा इपॉक्सी, सावकाश वाळणारा. पाच मिनिटांत वाळणारा मुठीला वापरू नये. तो पाणी आणि ऊन दोन्हीला लवकर हार खातो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सावकाश वाळणारासुद्धा डबीत गरम होऊन घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा कालवायचा. डिसेंबरात जुन्नरची रात्र थंड असते, सकाळी सरस चिकटच सापडतो. तेव्हा घाई न करता दुपारच्या उन्हापर्यंत थांबायचं. साग आणि शिसव तेलकट लाकडं आहेत. चिकटवायच्या तोंडावर ॲसिटोन फिरवून लगेच सरस लावा, नाहीतर दोन महिन्यांत कडी हातात येते.

९. शिंपला, आणि सपाट तुकडा गोल मुठीवर.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की चिखलाच्या पट्ट्यावर नदीचे शिंपले पडलेले असतात. बाहेरून हिरवट काळे, आतून मोत्यासारखे. समुद्राच्या शिंपल्याइतका रंग नसतो, पण गुलाबीसर झाक छान येते. रिकामे, मेलेले तेवढेच उचलावेत. जिवंत शिंपला पाणी गाळून स्वच्छ ठेवतो, त्याला त्याच्या कामावर राहू द्यावं.

शिंपला कोरडा कापायचा नाही. त्याची पूड फुप्फुसात जाते आणि त्रास देते. पाण्याच्या परातीत धरून बारीक करवतीने कापायचा, कानस मारायची तीही ओली, आणि मास्क लावूनच. कानस फार लवकर बोथट होते, म्हणून या कामाला जुनी कानस ठेवा.

कापता येतं सगळ्यांना, खरी अडचण वेगळी आहे. शिंपल्याचा तुकडा सपाट, मूठ गोल. मोठा तुकडा बसवला तर कडा वर राहतात, आणि गोलाईत घासायला गेलं तर मधला भाग झिजून भोक पडतं. हा प्रश्न सोडवायला मी मिरजेला गेलो. तिथले सतारमेकर दीडशेहून जास्त वर्षं भोपळ्याच्या गोलाईवर नक्षी करत आलेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि गोलावर सपाट बसवणं हा त्यांचा रोजचा धंदा. पूर्वी हस्तिदंत असायचा, आता सेल्युलॉइडचे पातळ तुकडे. त्यांच्याकडून दोन गोष्टी घेतल्या. एक, वळण जितकं लहान तितका तुकडा लहान. भोपळ्यावर बोटभर पान चालतं, माझ्या मुठीवर तांदळाएवढंच. दुसरी, बारीक रेषा भरायची तर तुकडा कापून बसवण्यापेक्षा रेघ कोरून तिच्यात रंगीत लाख भरणं बरं. लाख वितळवून भरायची, गार झाली की वरचा भाग पटाशीने तासायचा. कुठेच फट राहत नाही, कारण लाख फटीचाच आकार घेते. बुचावर हे जमत नाही, लाकडाच्या टोपीवर जमतं. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत काठी ठेवली तर लाख मऊ पडते, एवढं गिऱ्हाइकाला सांगून ठेवायचं.

गोलाईला आपणहून वळणारी एक वस्तू आमच्याच बाजारात फुकट मिळते. कटल्याचे खवले. मोठ्या कटल्याचा खवला रुपयाच्या नाण्याएवढा भरतो. मिठाच्या पाण्यात धुवायचा, भांड्याच्या साबणाने चरबी काढायची, आणि दोन टिपकागदांत दाबून वाळवायचा, नाहीतर गुंडाळी होते. वाळल्यावर तो अर्धपारदर्शक होतो आणि त्यावरची वर्तुळं दिसतात. काळ्या लाकडावर चिकटवून वर इपॉक्सीचे दोन थर दिले की झालं. वास? नीट धुतला तर येत नाही. बायको हे मान्य करत नाही.

१०. कशाला नाही म्हणायचं.

या कामात अधूनमधून कोणीतरी खिशातून कागदाची पुडी काढतो. बिबट्याचं नख, साळिंदराची काडी, शेकरूच्या शेपटीचा झुबका. "मामा, हे बसवाल का मुठीत?" नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे बाळगणंही गुन्हा ठरतो, बसवणारा तर आलाच. आमच्या तालुक्यात माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे आणि भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठी झालं. इथल्या माणसाला हे माहीत नाही असं म्हणता येत नाही. पुडी बघितल्यावर मी चहाही विचारत नाही.

मोरपिसाचं थोडं वेगळं आहे. गळून पडलेल्या शेपटीच्या पिसाला देशात मुभा आहे, परदेशात पाठवायला बंदी. भाचा न्यू जर्सीला असतो, त्याला पिसाची काठी हवी होती. त्याच्यासाठी गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं वापरली. तांबडी-सोनेरी, कडेला हिरवट काळी, आणि इपॉक्सीखाली मोरपिसापेक्षा जास्त खुलतात असं माझं मत आहे. पीस मुठीच्या पुढे, नळीवर बसवायचं. शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवायचं, मधली काडी ब्लेडने सोलून पातळ करायची, आणि पहिला थर इतका पातळ द्यायचा की पिसाच्या केसांत हवा अडकणार नाही. अडकली तर चंदेरी बुडबुडा कायमचा राहतो. शिसवाबद्दलही परदेशी पाठवताना विचारून घ्या. २०१७ पासून शिसवाचा सबंध वर्ग साइटिस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार करारात आहे. तयार वस्तूंना दहा किलोपर्यंत सूट आहे आणि मुठीत ते काही ग्रॅमच असतं, पण पार्सलवर लाकडाचं नाव खरं लिहावं.

११. पितळ मागच्या टोकाला.

पितळ लाकडाच्या जवळजवळ दहापट जड. पुढे घातलं तर काठीचं नाक खाली जातं आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. मागच्या टोकाला एक पातळ कडी घातली तर लांब काठी हातात तोलली जाते, म्हणजे इथे नक्षी कामालाही येते. घासताना पितळ तापतं, आणि साठ अंशांच्या आसपास बहुतेक इपॉक्सी मऊ पडतो. लेथ सावकाश फिरवा, मधूनमधून बोट लावून बघा, चटका बसला तर थांबा. पितळेची पूड बुचात गेली की पुढे हिरवी होते, त्यामुळे पितळेच्या शेजारी बूच न ठेवता लाकडाची कडी ठेवायची.

१२. सोसायटीला विचारा.

हे जडावाबद्दल नाही, पण नवी काठी हातात आली की माणूस थेट पाण्यावर जातो म्हणून लिहितो. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, बीज ते सोडतात, राखण ते करतात. डिंभ्याला तर ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्याच आदिवासी कुटुंबांनी उभी केलेली सोसायटी आहे. त्यांना विचारून, जी काय पावती असेल ती फाडून बसायचं.

१३. उरलेला तुकडा जपून ठेवा.

प्रत्येक मुठीतल्या लाकडाचा एक तुकडा मी बाजूला काढतो आणि त्यावरच पेन्सिलीने साल आणि गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव लिहितो. चिकटवलेली चिठ्ठी पावसाळ्यात गळून पडते, पेन्सिल राहते. मूठ कधी ना कधी परत येतेच. कडी सुटते, टोक दगडावर आपटून फुटतं. दुसऱ्या तुळईचा साग आणला तर रंग जुळत नाही, आणि मालकाला ते लगेच कळतं. शिंपल्याचे तांदूळही चार-सहा जास्तीचे कापून त्याच पुडीत ठेवतो.

दुरुस्तीला येणाऱ्या मुठींत सगळ्यात जास्त काम मात्र माशाचं नसतं आणि पावसाचंही नसतं, उंदरांचं असतं. गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवलेल्या काठीच्या बुचाला माशाचा वास असतो, आणि पुढच्या हंगामात काठी खाली काढावी तर लाकडाच्या कड्या शाबूत, मधलं बूच गायब. काठी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, आणि भिंतीवर दोन खिळ्यांना आडवी टांगा, मूठ भिंतीपासून लांब.